कळला ना फरक?

त्या कारखान्यात पंख्यांच्या आणि पंपांच्या मोटरी बनत, आणि दर सोमवारी सकाळी नऊ वाजता तिथे सभा भरे. सभा म्हणायची आपली एक रीत. खरं तर दोघंच बोलत. एक विक्रीचे प्रमुख आणि दुसरे स्टोअरचे प्रमुख. या दुसऱ्यांना अख्खा कारखाना पाठीमागे ‘भोंगा’ म्हणे आणि ते स्वतःही फोन उचलून “बोला, भोंगा ऐकतोय” म्हणत, त्यामुळे चिडवण्यातली मजाच गेली होती. बाकीची तीसेक माणसं बुटांची टोकं न्याहाळत बसत. शेवटी साहेब विचारत, कुणाला काही म्हणायचंय का. कुणाला काही म्हणायचं नसे. मग खुर्च्या सरकत, आणि जे म्हणायचं होतं ते सगळे जिन्यात, हात धुण्याच्या जागी आणि डबा खाताना एकमेकांना म्हणत.

एचआरच्या मॅडम नव्या आल्या तेव्हा हे त्यांच्या पहिल्याच सोमवारी लक्षात आलं. त्यांनी सगळ्यांकडून चाळीस प्रश्नांचा एक कागद भरून घेतला. अनोळखी लोकांत मिसळायला आवडतं का, फोन वाजला की पहिल्यांदा काय वाटतं, असले प्रश्न. कागद संगणकात गेले आणि माणसांचे रंग बाहेर आले. बोलक्यांना पिवळा ठिपका, अबोलांना निळा. ठिपके ओळखपत्रावर चिकटवले गेले आणि कारखाना निळा होऊन गेला. एकट्या टेस्टिंगच्या माणसाने चाळीसही प्रश्नांना मधल्या चौकोनात खूण केली होती, ‘सांगता येत नाही’. त्याच्यापुढे संगणकाने लिहिलं, ‘निष्कर्ष निघत नाही’. त्याचं ओळखपत्र कोरंच राहिलं.

एवढी निळी माणसं गप्प बसतात म्हणजे कारखाना अर्ध्या डोक्याने चालतो, असं मॅडमचं म्हणणं होतं, आणि ते खोटं नव्हतं. म्हणून त्यांनी पॉडकास्ट सुरू केला. नाव ‘कानगोष्ट’. दर बुधवारी आठ मिनिटं, कारखान्यातल्या माणसांनी कारखान्यातल्या माणसांसाठी, ज्याने त्याने आपापल्या फोनवर ऐकायची. ज्याला चारचौघांत बोलता येत नाही त्याने रेकॉर्डर घरी न्यावा, दार लावून घ्यावं, दहादा चुकावं, अकराव्यांदा बोलावं आणि आणून द्यावं. कापाकापी करायला एक माणूस आहे.

तो माणूस म्हणजे ती. अकरा वर्षं ती तिथे पत्रकं आणि मोटरीसोबत जाणाऱ्या सूचनांच्या पुस्तिका लिहीत होती. ‘मोटर ओल्या हातांनी हाताळू नये’ हे तिचं वाक्य लाखो घरांत गेलं होतं आणि ते कुणीतरी लिहिलेलं असतं हे कुणाच्या गावीही नव्हतं. तिचा ठिपका निळा होता हे वेगळं सांगायला नको.

कापायचं काम ती घरी शिकली, आईच्या निरोपांवर. सरावाला इतका आवाज दुसऱ्या कुणाचा नव्हताच. आई गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची, आणि तिला फोनवर बोलण्यापेक्षा फोनमध्ये बोलून ठेवणं आवडायचं. चार-चार मिनिटांचे निरोप. एक गोष्ट सुरू करायची, मध्येच “थांब हं” म्हणायचं, फोन ओट्यावर ठेवून कुठेतरी जायचं, मग “आले” म्हणून परत यायचं आणि जिथे सोडलं होतं त्याच्या भलतीकडून सुरुवात करायची. सॉफ्टवेअरमध्ये एक बटण होतं, ‘रिकाम्या जागा काढा’. एका सेकंदाहून जास्त जिथे माणसाचा आवाज नसेल ते सगळं ते काढून टाकी आणि दोन्ही कडा जोडून देई. तिने एकोणीस निरोप या बटणाखालून काढले. चार मिनिटांचं दीड मिनिट व्हायचं. त्यातला एक तिने गंमत म्हणून आईलाच पाठवला होता. आईचं उत्तर आलं, “मी एवढी पटपट बोलते होय गं? ऐकूनच दम लागला मला.” फोनमध्ये जागा राहावी म्हणून तिने मूळचे निरोप पुसले आणि छाटलेले ठेवले. ते मागच्या वर्षी.

आई जाऊन आता पाच आठवडे झाले होते.

आठव्या दिवशी ती कामावर आली होती. घरी करण्यासारखं काही उरलं नव्हतं. कामावर करण्यासारखं काही आहे असंही वाटत नव्हतं, पण तिथे निदान घड्याळ होतं. चार वाजले की चार वाजायचे. लोक येऊन बोलून गेले. मॅडमनी सुट्टीचा नियम समजावून सांगितला. भोंगे आले, तिच्या टेबलावर पाण्याची भरलेली बाटली ठेवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा एक अक्षर न बोलता गेले. दुःख वगैरे शब्द तिला मोठे वाटत. होता तो थकवा. जिन्याच्या मधल्या वळणावर उभं राहून आपण वर चाललो होतो की खाली, हे तिला आठवून बघावं लागे.

अशात साहेबांनी ‘कानगोष्टी’साठी स्टुडिओ करायचं ठरवलं. कार्यक्रम चांगला चालला होता. पॅकिंगमधल्या एका बाईंनी, ज्यांचा आवाज कुणी सहा वर्षांत ऐकला नव्हता, खोक्यांच्या पट्ट्यांबद्दल अशी काही सूचना केली होती की हात कापायचे थांबले. तेव्हा कार्यक्रमाला हक्काची जागा हवी, आणि कारखान्यात सगळ्यात शांत जागा एकच होती. टेस्टिंगची खोली. तसं पत्रक काढायचं होतं. तिने ते लिहिलं. ‘ध्वनिमुद्रणास योग्य जागा उपलब्ध व्हावी या हेतूने’ असं सुरू केलं, ‘सहकार्य अपेक्षित आहे’ असं संपवलं, आणि मध्ये काय लिहिलं ते खाली सही घ्यायला जाईपर्यंत विसरून गेली.

दुसऱ्या दिवशी टेस्टिंगचा माणूस तिच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला.

त्याला सगळे ‘डॉक्टर’ म्हणत, कारण त्याचं काम तसंच होतं. लांब दांडीचा पेचकस घ्यायचा, त्याचं टोक चालू मोटरीच्या अंगावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. प्रत्येक खेपेतल्या काही मोटरी अशा त्याच्या कानाखालून जात. तो काय ऐकतो हे त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि त्याने आपण होऊन सांगण्याचा प्रश्नच नव्हता. मागच्या वर्षी एक यंत्र आलं. ते मोटरीला आठ सेकंद स्पर्श करून कंपनांचा आकडा दाखवी. तेव्हापासून ती स्पंज लावलेली, दुहेरी दाराची खोली आणि तिच्यातलं एकुलतं एक स्टूल साहेबांच्या डोळ्यांत सलत होतं. डॉक्टरांना आता मोठ्या हॉलमध्ये, पॅकिंगच्या पट्ट्याशेजारी, टेबल मिळणार होतं. त्या हॉलमध्ये माणसाला स्वतःची शिंक ऐकू येत नसे.

“ताई, हे पत्रक तुम्ही लिहिलंत?”

“लिहिलं मी, डॉक्टर. ठरवलं साहेबांनी.”

त्याने मान हलवली. तिच्या टेबलावरच्या उघड्या टाचणीच्या डबीला झाकण लावलं. मग म्हणाला, “निवृत्तीला चौदा महिने राहिलेत माझे. तिथे बसलो तर पगार मिळेल, काम नाही होणार.”

सभेत बोला असं तिने सुचवलं, तेव्हा तिने त्याला टेबलावर चढून नाचायला सांगावं तसा त्याचा चेहरा झाला. मग तिने रेकॉर्डर काढला. निळ्या माणसांसाठीच तर हे काढलंय, म्हणाली. कुणी समोर नसतं. हवा तेवढा वेळ घ्या. साहेब दर बुधवारी गाडीत ऐकतात, त्यांच्या कानापर्यंत नक्की जाईल. त्याने रेकॉर्डर हातात घेऊन उलटासुलटा केला, कुठे सैल आहे का ते बघितलं, आणि गेला.

चार दिवसांनी, मंगळवारी सकाळी, तो यंत्रं पुसायच्या एका स्वच्छ फडक्यात गुंडाळून रेकॉर्डर घेऊन आला. “चौदा मिनिटं झालंय. कापणार?”

“थोडं कापावं लागेल. आठ मिनिटांची मर्यादा आहे.”

“मग बोलणं कापा,” तो म्हणाला, “बाकीचं राहू द्या.”

हो म्हणाली ती. मनात तिला वाटलं, बिचारे संकोची आहेत.

त्या दिवशी दादाचे तीन फोन आले. आईचं घर महिनाअखेर सोडायचं होतं. शिलाई मशीन कुणाला द्यायचं, कपाटातल्या चादरी ठेवायच्या का, खिडकीतल्या कुंड्या शेजारी घेतील का. प्रत्येक वेळी ती म्हणाली, “तुला वाटेल ते कर.” तिसऱ्या फोनला दादा म्हणाला, “मला काही वाटतच नाहीये गं, म्हणून तर तुला विचारतोय.” फोन ठेवला तेव्हा पावणेचार झाले होते. चारला कार्यक्रम मॅडमकडे जायला हवा होता. तिने डॉक्टरांचं बोलणं सुरुवातीचं दोन मिनिटं ऐकलं. संथ होतं, वाक्यावाक्यात विहिरीएवढं अंतर. तिने बटण दाबलं. चौदा मिनिटांची तीन मिनिटं पन्नास सेकंद झाली. ती तिने एकदा अर्ध्या कानाने ऐकली. आवाज छान होता, ठाम होता. एके ठिकाणी तो म्हणत होता, “आता ही पहिली ऐका. आता ही दुसरी. कळला ना फरक?” तिला ते जरा विचित्र वाटलं, पण असेल त्यांची बोलायची पद्धत, म्हणून सोडून दिलं. रेकॉर्डर पुढच्या माणसाला द्यायचा होता, तो पुसून मोकळा केला.

बुधवारी दुपारपर्यंत डॉक्टर कारखान्यात गाजले.

वीस वर्षं ज्याच्या तोंडून ‘हं’ पलीकडे काही निघालं नव्हतं तो माणूस धडाधड बोलत होता. एक वाक्य संपायच्या आत दुसरं. कारखान्यातल्या सगळ्यात गप्प माणसाने भोंग्यालाही मागे टाकलं असं कुणीतरी जिन्यात म्हणालं, आणि भोंगे स्वतः तर त्याच्यावर लट्टूच झाले. दिवसभर ते स्टोअरमध्ये एक स्क्रू या हातात, एक त्या हातात धरून “आता ही पहिली ऐका, आता ही दुसरी, कळला ना फरक?” असं करत हिंडत होते, आणि लोक पोट धरून हसत होते. त्यात कुचेष्टा नव्हती. माणूस विनोदी निघाला याचा सगळ्यांना आनंद झाला होता.

साहेबांना तर वाटलं की आपण हिरा खोलीत कोंडून ठेवला होता. असा बोलणारा माणूस मोकळ्यावर हवा, चार नव्या मुलांना शिकवायला हवा. खोली बदलायचं महिनाअखेर होतं ते त्यांनी पुढच्या सोमवारवर आणलं. सभा झाली की सुतार येतील. खोली का हवी याबद्दल डॉक्टर जे बोलले होते ते सगळ्यांनी ऐकलं होतं, पण बोलले इतकं झकास होते की तेच त्यांच्याविरुद्ध गेलं. मॅडम स्वतः टेस्टिंगच्या खोलीत जाऊन त्याच्या ओळखपत्रावर पिवळा ठिपका चिकटवून आल्या.

ती गुरुवारी त्याच्या खोलीत गेली. दुहेरी दारातलं आतलं दार लागल्यावर कानांवर काहीतरी मऊ दाबल्यासारखं झालं. तो स्टुलावर बसून पेचकसाची मूठ फडक्याने पुसत होता. ठिपका छातीवर तसाच होता.

अभिनंदन करावं की माफी मागावी हे तिला ठरवता येईना, कारण काय झालं ते तिला अजून कळलं नव्हतं. तिने विचारलं, असं कसं झालं डॉक्टर.

“शब्द माझेच होते,” तो म्हणाला. “एकही दुसऱ्याचा नव्हता.” मग त्याने फडक्याची घडी केली.  “ऐका म्हटलं मी, आणि मोटर लावली. एक मिनिट. मग दुसरी लावली, दीड मिनिट. ती तापल्याशिवाय आवाज काढत नाही. ते यंत्र आठ सेकंदांत पास करतं तिला. माझं म्हणणं तेच होतं, ताई. बाकी बोलणं मी आपलं मधेमधे टाकलं होतं, कुणी झोपू नये म्हणून.”

तिला तिथल्या तिथे खाली बसावंसं वाटलं, पण स्टूल एकच होतं. बोलणं कापा, बाकीचं राहू द्या. त्याने सरळ मराठीत सांगितलं होतं.

तिने पुन्हा रेकॉर्ड करू या म्हटलं. आज, आत्ता. त्याने नकारार्थी मान हलवली. एकदा बोललो, म्हणाला, ते बोलायला चार दिवस लागले; आता त्यातलं काही उरलं नाही. आणि पुन्हा बोललो तर लोक हसायलाच बसलेले असतील. हे त्याने रागाने म्हटलं नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

शुक्रवारी संध्याकाळी ती आईच्या घरी दादाला मदत करायला गेली. स्वयंपाकघर रिकामं झालं होतं. ओटा पहिल्यांदाच इतका लांब दिसत होता. दादा आत पुस्तकं बांधत होता. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा तिचा एक निरोप लावला.

“अगं, ती समोरची म्हणत होती की, थांब हं, आले. तर काय सांगत होते, तुझी ती निळी छत्री इथेच राहिलीये.”

तिने तो पुन्हा लावला. थांब हं, आले. मध्ये श्वासाएवढीही फट नव्हती. आई कुठे गेली नव्हती आणि कुठून आली नव्हती. एकोणीसच्या एकोणीस निरोपांत आई एका जागी उभी राहून, दम न खाता, कारखान्याच्या नव्या माणसांना सूचना द्याव्यात तशी बोलत होती.

ती आत गेली. “आईचा फोन कुठाय रे?”

“वहिनीच्या आईला दिला. त्यांचा पडून फुटला होता. सगळं पुसून, नवा करून दिला.” दादाने दोरीची गाठ मारली, मग वर बघितलं. “का गं? काही हवं होतं का त्यातलं?”

ती नाही म्हणाली. दादाने एवढी पुस्तकं एकट्याने बांधली होती. त्याला ते सांगून काय करायचं होतं.

शनिवारी अर्धा दिवस असतो. बाराला हॉलमधले पट्टे थांबले, लोक गेले, आणि ती रेकॉर्डर घेऊन डॉक्टरांच्या खोलीच्या दारात उभी राहिली. तुम्ही बोलू नका, ती म्हणाली. मी पण नाही बोलणार. तुम्ही रोज करता ते करा, मी हे चालू ठेवून बसते. तो विचारात पडला. मग त्याने स्टूल तिच्याकडे सरकवलं.

त्याने पहिली मोटर लावली. तिला एक सपाट गुणगुण ऐकू आली. त्याने दुसरी लावली. तीच गुणगुण. तो पेचकस टेकवून डोळे मिटून उभा होता, आणि तिने घड्याळाकडे बघितलं, स्पंजाकडे बघितलं, आपल्या चपलांकडे बघितलं. मग बघायला काही उरलं नाही. केव्हातरी, चाळीस सेकंद झाले असतील, गुणगुणीच्या खाली काहीतरी हललं. कागदावरून नख ओढावं तसं. थांबलं, पुन्हा आलं. तिने वर बघितलं. त्याने डोळे उघडले होते आणि तो तिच्याकडेच बघत होता. त्याने पेचकसाची मूठ पुढे केली. तिने ती कानाला लावली आणि आवाज थेट तिच्या दातांत उतरला.

त्याने मोटर बंद केली, तिने रेकॉर्डर बंद केला. मग तिने त्याला आईच्या निरोपांबद्दल सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. कदाचित त्या खोलीत बोललेलं बाहेर जात नाही म्हणून. बटण, एकोणीस निरोप, पुसलेला फोन, सगळं चार वाक्यांत.

तो वाईट झालं म्हणाला नाही. त्याने विचारलं, “मध्ये काय होतं?”

“कशात?”

“थांब हं आणि आलेच्या मध्ये.”

तिने आठवून बघितलं. चपला, ती म्हणाली. डाव्या चपलेचा अंगठा तुटका होता, ती फरशीवर ओढल्यासारखी वाजायची. मग गॅसचं बटण. मग. इथे ती थांबली, आणि तो काही बोलला नाही, घसा खाकरला नाही, बाटली पुढे केली नाही. मग नळ, ती म्हणाली. नळ बंद केला तरी दोन-तीन थेंब पडायचे आणि ती ते पडेपर्यंत तिथेच थांबायची. मग पुन्हा चपला.

“म्हणजे आहे की,” तो म्हणाला, आणि तारा गुंडाळायला लागला.

मॅडमना तिने सोमवारी सभेच्या दहा मिनिटं आधी गाठलं. चूक माझी आहे, ती म्हणाली, आणि ती मला सगळ्यांसमोर दुरुस्त करायची आहे. मॅडमनी किती वेळ विचारलं. पाच मिनिटं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, नुसता मोटरचा आवाज पाच मिनिटं कोण ऐकेल, लोकांचं लक्ष कसं राहणार. मग त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, बरं, तुम्ही सहसा काही मागत नाही.

अकरा वर्षांत ती त्या सभेत पहिल्यांदा उभी राहिली. तिला त्याचंही विशेष काही वाटलं नाही. थकव्याचा तेवढा एक फायदा असतो. ती म्हणाली की बुधवारी तुम्ही जे ऐकलंत ते डॉक्टर बोलले होते, पण त्यांना जे ऐकवायचं होतं ते मी कापलं. का कापलं, तर मला ते रिकामं वाटलं. आता फक्त ऐका, म्हणून तिने शनिवारचं ध्वनिमुद्रण स्पीकरवर लावलं. मागच्या रांगेत डॉक्टर आपल्या बुटांकडे बघत बसले होते.

पहिली मोटर एक मिनिट. वीस सेकंदांनी खुर्च्या करकरायला लागल्या. विक्रीच्या प्रमुखांनी फोन काढला. कुणीतरी हळूच “कळला ना फरक?” म्हटलं आणि दोघं-तिघं फिसकन हसले. मग दुसरी मोटर सुरू झाली. साहेबांनी घड्याळ बघितलं. अर्धं मिनिट. आणि तेवढ्यात दार ढकलून चहावाल्या मावशी मोठा ट्रे घेऊन आत आल्या. उघड्या दारातून हॉल आत आला, पट्टे, हातोड्या, हवेच्या नळ्या, आणि मोटरचा आवाज त्यात असा नाहीसा झाला की तो बंदच केला असं वाटावं.

“दार,” भोंगे म्हणाले.

मावशींनी टाचेने दार लोटलं. आवाज परत आला. पण मधल्या वेळात मोटर तापली होती, आणि आता त्या गुणगुणीच्या खाली ते नख ओढलं जात होतं. थांबत होतं, पुन्हा येत होतं.

भोंगे पुढे झुकले. त्यांनी हात वर केला, बोलायला नव्हे, दुसऱ्यांनी बोलू नये म्हणून. तो हात तसाच हवेत राहिला, आणि मावशी ट्रे धरून होत्या तिथेच उभ्या राहिल्या. दीड मिनिट त्या खोलीत तीस माणसं बसली होती आणि कुणीही बुटाकडे बघत नव्हतं.

“घासतंय,” आवाज संपल्यावर भोंगे म्हणाले. अगदी हळू म्हणाले. मग मागे वळून, “डॉक्टर, ही यंत्राने पास केलेली?”

डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली.

साहेबांनी चहा घेतला, बशीत ठेवला, पुन्हा उचलला. माणूस कधीच पटकन चूक कबूल करत नसतो, आणि साहेब तर मुळीच नाही. ते म्हणाले की स्टुडिओचा विषय जरा पुढे ढकलू. तूर्त जुन्या फायलींच्या खोलीत सोय बघा, फायलींमुळे तीही शांतच असेल. टेस्टिंगची खोली डॉक्टर आहेत तोवर राहू दे. पुढचं पुढे.

एवढंच झालं. टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. सुतारांना फोन करून येऊ नका म्हणून सांगायचं काम तिच्याकडेच आलं. दुपारी जिन्यात डॉक्टर भेटले तेव्हा त्यांच्या ओळखपत्रावर ठिपका नव्हता, नुसता गोंदाचा डाग होता.

बुधवारी तिने आधी आपली कबुली लावली, तीस सेकंद, आणि मागोमाग शनिवारचं अख्खं ध्वनिमुद्रण, अकरा मिनिटं, एकही कड न कापता. मर्यादेबद्दल मॅडमनी काही म्हटलं नाही. शुक्रवारी ती आकडा घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेली. तीनशे माणसांपैकी शेवटपर्यंत एक्केचाळीस जणांनी ऐकलं होतं; बाकीच्यांनी पहिल्या मिनिटातच बंद केलं. तिला ते सांगताना कसंतरीच वाटत होतं.

“एक्केचाळीस?” तो म्हणाला. त्याने मनाशी काहीतरी हिशेब केला असावा. “पुष्कळ झाले.”

रविवारी सकाळी आईच्या घराच्या किल्ल्या द्यायच्या होत्या. दादा खाली गाडीत सामान लावत होता. ती शेवटचं बघून यायला वर गेली, बघण्यासारखं काही नव्हतं तरी. ओट्यावर तिने फोन ठेवला, आई ठेवायची त्याच जागी, आणि छत्रीचा निरोप लावला. “ती समोरची म्हणत होती की, थांब हं” इथे तिने बोट टेकवून तो थांबवला.

मग ती उभी राहिली. चपला गॅसपाशी जायला किती वेळ लागतो तेवढा वेळ. गॅसचं बटण. नळ, आणि नळानंतरचे थेंब, एक, दोन. तिसरा कधी पडायचा, कधी नाही. खालून दादाने हॉर्न वाजवला. ती हलली नाही. पुन्हा चपला, डावी ओढत.

तिने बोट उचलून पुन्हा टेकवलं.

“आले,” आई म्हणाली.